आकाशवाटेचा पहिला वाटसरू

मुलांनो, मोठ्या शहरातला गजबजलेला चौक तुम्ही पाहिला असेल. मोटारी, बसगाड्या, सायकली आणि पायी चालणारी माणसे यांची तेथे एकच गर्दी असते. तरीही सगळे आपापल्या वाटेने जातात, कारण प्रत्येकासाठी नियम ठरलेले असतात. जमिनीवर जसे रस्ते असतात, तसे आकाशातही असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या आसपास तीन मोठे विमानतळ आहेत. तेथे प्रवासी विमानांची सतत ये-जा चालू असते. त्यामुळे शहरावरच्या आकाशात कोणालाही मनाला येईल तसे उडता येत नाही. त्यासाठी जमिनीवरून विमानांवर नजर ठेवणाऱ्या नियंत्रकांची परवानगी लागते. मात्र शहराच्या कडेने हडसन नावाची रुंद नदी वाहते. या नदीवर, मोठ्या विमानांच्या वाटेच्या खाली, एक अरुंद पट्टा छोट्या विमानांसाठी मोकळा ठेवलेला आहे. शहराची शोभा पाहण्यासाठी अनेक वैमानिक या वाटेने जातात. एका बाजूला उंच इमारती, खाली चमकणारे पाणी आणि समोर हातात मशाल धरलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा! हे दृश्य पाहून कोणाचेही मन हरखून जाईल.

या नदीवरून विमान नेणारा पहिला माणूस म्हणजे विल्बर राइट. विमानाचा शोध लावणाऱ्या राइट बंधूंपैकी हा थोरला.

विल्बरचा जन्म 16 एप्रिल 1867 रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात झाला. त्याचे वडील मिल्टन राइट हे धर्मगुरू होते. त्यांच्या घरात पुस्तके भरपूर होती. आई सुसान हिला हत्यारे वापरण्याची आवड होती. ती मुलांना स्वतःच्या हाताने खेळणी करून देई. विल्बरहून चार वर्षांनी लहान असलेला ऑर्व्हिल हा त्याचा भाऊ. कॅथरिन ही त्यांची धाकटी बहीण. 1878 साली वडिलांनी मुलांसाठी एक खेळणे आणले. रबराला पीळ दिला की ते भिर्रकन छताकडे उडे. दोघा भावांना त्याचे भारी वेड लागले. ते मोडेपर्यंत त्यांनी ते उडवले आणि मग तसेच दुसरे बनवले.

विल्बर अभ्यासात हुशार होता. त्याला महाविद्यालयात शिकायचे होते. पण अठरा वर्षांचा असताना बर्फावर हॉकी खेळताना त्याच्या तोंडावर जोराचा फटका बसला. त्याचे पुढचे दात पडले. त्या धक्क्याने त्याची प्रकृती ढासळली आणि महाविद्यालयाचा बेत मागे पडला. त्याच काळात आईला क्षयाने ग्रासले. विल्बर घरी राहून तिची सेवा करू लागला. फावल्या वेळात तो वडिलांची पुस्तके वाचत बसे. 1889 साली आई वारली. अशा प्रसंगी एखादा तरुण खचून गेला असता. विल्बरने मात्र पुस्तकांनाच आपले गुरू मानले.

पुढे दोघा भावांनी डेटन या गावी आधी छापखाना आणि नंतर सायकलींचे दुकान काढले. सायकल चालवताना सारखा तोल सांभाळावा लागतो. विमानाचेही तसेच असले पाहिजे, असे विल्बरला वाटे. 1896 साली जर्मनीचा लिलिएंथाल हा उड्डाणवीर अपघातात मरण पावला. ती बातमी वाचून विल्बरच्या मनात जुने वेड पुन्हा जागे झाले. उंच उडणे अवघड आहेच, पण हवेत तोल सांभाळणे त्याहून अवघड आहे, हे त्याने ओळखले. पक्षी आपले पंख किंचित पिळून तोल सावरतात, हे त्याच्या ध्यानात आले. एके दिवशी दुकानात एक रिकामे खोके हातात घेऊन तो सहज पिळत होता. विमानाचे पंखही असेच पिळता येतील, ही युक्ती त्याला तेथे सुचली.

1900 सालापासून दोघे भाऊ समुद्रकाठच्या किटी हॉक या ठिकाणी जाऊ लागले. तेथे वारा चांगला होता आणि पडल्यास खाली मऊ वाळू होती. पाहा, उडण्याआधी पडण्याचा विचार त्यांनी केला होता! 1901 सालचे प्रयोग फसले. विल्बर अगदी निराश झाला. पण घरी परतल्यावर दोघांनी एक लाकडी पेटी बनवली. तिच्यातून पंख्याने वारा सोडून त्यांनी पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने तपासले. पूर्वीच्या लोकांनी दिलेले आकडे आंधळेपणाने न मानता त्यांनी स्वतः मोजमाप केले. त्यातूनच त्यांना खरी वाट सापडली.

14 डिसेंबर 1903 रोजी नाणे उडवून पहिली पाळी ठरवण्यात आली. नाण्याचा कौल विल्बरला मिळाला, पण त्याने विमानाचे तोंड फारच वर केले आणि विमान खाली आदळले. दुरुस्ती करून 17 डिसेंबरला ते पुन्हा सज्ज झाले. आता पाळी ऑर्व्हिलची होती. तो 12 सेकंद हवेत राहिला. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण विल्बरने केले. ते 59 सेकंद चालले आणि विमान सुमारे 260 मीटर गेले. माणूस इंजिनाच्या विमानातून, स्वतः त्याला वळण देत, उडू लागला होता.

पुढची दोन वर्षे त्यांनी डेटनजवळच्या कुरणात सराव केला. 1905 साली विल्बर एकाच उड्डाणात सुमारे 39 मिनिटे हवेत फिरला. तरीही जगाचा विश्वास बसेना. फ्रान्समधील वर्तमानपत्रे तर त्यांची थट्टा करीत. 8 ऑगस्ट 1908 रोजी विल्बरने फ्रान्समध्ये ल मान या गावी विमान उडवले. उड्डाण दोन मिनिटांचेही नव्हते. पण त्याने हवेत ज्या सफाईने वळणे घेतली, ती पाहून थट्टा करणारेच टाळ्या वाजवू लागले.

हा आनंद फार दिवस टिकला नाही. 17 सप्टेंबर 1908 रोजी अमेरिकेत ऑर्व्हिलचे विमान कोसळले. ऑर्व्हिल जबर जखमी झाला आणि त्याच्याबरोबर बसलेले लेफ्टनंट सेल्फ्रिज हे अधिकारी मरण पावले. विमान अपघाताचा तो जगातला पहिला बळी. त्या बातमीने दूर फ्रान्समध्ये असलेला विल्बर हादरून गेला. आपली एक चूक किती महाग पडू शकते, हे तो त्यानंतर कधीही विसरला नाही.

आता आपण हडसन नदीकडे वळू. 1909 साली न्यूयॉर्कमध्ये मोठा उत्सव होता. हेन्री हडसन हा दर्यावर्दी 1609 साली या नदीत आला होता, त्याला तीनशे वर्षे झाली होती. शहरातील लोकांना विमान दाखवावे म्हणून विल्बरला बोलावण्यात आले. तोपर्यंत त्याची उड्डाणे मोकळ्या मैदानावर झाली होती. येथे मात्र खाली पाणी होते, बाजूला उंच इमारती होत्या आणि नदीत आगबोटींची व युद्धनौकांची दाटी होती. विमान बंद पडले तर उतरायचे कोठे?

विल्बरने काय केले, ऐका. त्याने बाजारातून एक लहानशी लांबट होडी विकत आणली. तिच्यात पाणी शिरू नये म्हणून तिचे तोंड कापडाने बंद केले आणि ती विमानाच्या खाली घट्ट बांधली. विमान नदीत पडलेच, तर होडीच्या आधाराने ते तरंगावे, हा त्याचा हेतू होता. आकाशात जाणाऱ्या विमानाला होडी बांधलेली पाहून लोकांना नवल वाटले.

29 सप्टेंबरला त्याने गव्हर्नर्स बेटावरून उड्डाण केले आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याला वळसा घातला. त्याच वेळी तेथून जाणाऱ्या प्रचंड आगबोटीवरील प्रवाशांनी हात हलवून त्याचे स्वागत केले. नंतरचे काही दिवस वारा खवळलेला होता. लोक आतुर झाले होते, पण वारा नीट नाही म्हणजे नाही! विल्बर थांबून राहिला.

4 ऑक्टोबरला सकाळी वारा थोडा निवळला. विल्बर विमानात बसला. अंगाभोवती पट्टा नव्हता, बोलायला रेडिओ नव्हता, वाट दाखवणारा नियंत्रकही नव्हता. फक्त त्याचे दोन डोळे आणि दोन हात होते. तो नदीवरून उत्तरेकडे निघाला. उंच इमारतींवर आपटून येणारे वाऱ्याचे झोत विमानाला हेलकावे देत होते. तो शांतपणे तोल सावरीत होता. नदीच्या काठांवर सुमारे दहा लाख लोक जमले होते. आगबोटींचे भोंगे एकदम वाजू लागले. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या समाधीपर्यंत जाऊन तो मागे फिरला आणि जेथून निघाला होता, तेथेच अलगद उतरला. 33 मिनिटांत त्याने सुमारे 32 किलोमीटरचे अंतर कापले होते.

त्याच दिवशी दुपारी तो पुन्हा उडणार होता. पण इंजिन सुरू करताच त्याचा एक सिलिंडर फुटून दूर उडाला. सुदैवाने विमान जमिनीवर होते आणि कोणाला इजा झाली नाही. हेच सकाळी नदीवर घडले असते तर? मग त्या लहानशा होडीवरच विल्बरचे प्राण अवलंबून राहिले असते. विल्बरने पुढची उड्डाणे रद्द केली आणि तो मुकाट्याने परत गेला.

दोघा भावांनी वडिलांना शब्द दिला होता, की आम्ही एका विमानात कधी बसणार नाही. एकाचे काही बरेवाईट झाले, तर दुसऱ्याने काम पुढे न्यावे, हा त्यामागचा विचार. वडिलांच्या परवानगीने ते फक्त एकदाच, 25 मे 1910 रोजी, बरोबर उडाले. विल्बरने लग्न केले नाही. 30 मे 1912 रोजी विषमज्वराने त्याचे निधन झाले. तेव्हा त्याचे वय अवघे 45 वर्षांचे होते. त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी डेटन शहराने काही क्षण आपले सारे व्यवहार थांबवले.

विल्बर गेला तेव्हा नदीवरचे आकाश रिकामेच होते. पुढे ते भरत गेले. 8 ऑगस्ट 2009 रोजी याच हडसन नदीवर एक छोटे विमान आणि प्रवाशांना शहर दाखवणारे हेलिकॉप्टर यांची टक्कर झाली. दोन्हींतील मिळून नऊ जण मरण पावले. त्या दोन वैमानिकांना एकमेकांची वाहने वेळेवर दिसणे कठीण होते, असे चौकशीत आढळले. शिवाय विमानाकडे लक्ष देणारा नियंत्रक त्या वेळी टेलिफोनवर कामाशी संबंध नसलेले बोलत होता.

त्यानंतर त्याच वर्षी कडक नियम करण्यात आले. उत्तरेकडे जाणाऱ्याने नदीच्या पूर्व काठाने जावे आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याने पश्चिम काठाने. म्हणजे प्रत्येकाने आपल्या उजव्या बाजूने चालावे! वेग ताशी सुमारे 260 किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. दिवे चालू असावेत आणि जवळ नकाशा असावा. शहर पाहत फिरणाऱ्यांनी सुमारे तीनशे मीटरच्या खाली राहावे. नुसते पुढे जाणाऱ्यांनी त्याच्या वरून, पण चारशे मीटरच्या आत जावे. पुतळा, पूल अशा ठरलेल्या खुणा आल्या, की आपण कोठे आहोत, किती उंचीवर आहोत आणि कोणीकडे चाललो आहोत, हे रेडिओवर सर्वांना सांगावे. चारशे मीटरच्या वर जायचे असेल, तर नियंत्रकाची परवानगी घ्यावी.

मुलांनो, हे नियम वाचून विल्बरची होडी आठवते ना? त्याच्यासाठी नियम करणारे कोणी नव्हते. म्हणून त्याने स्वतःच स्वतःला नियम घालून घेतले. वारा नीट नसेल तर थांबायचे. यंत्र बिघडले तर उडायचे नाही. संकट येण्याआधी त्याची तयारी करायची. कोणी त्याला भित्रा म्हणाले नाही, कारण ज्या नदीवरून विमानातून कोणीही गेले नव्हते, तिच्यावरून तो एकटा गेला होता. रस्ता ओलांडताना, सायकल चालवताना तुम्हीही त्याची आठवण ठेवा. सावध माणूसच दूरचा पल्ला गाठतो.