रिमांडचा हुकूम आणि मधू लिमये

अटक करताना पोलिसांनी कायदा मोडला, परंतु पुढे न्यायदंडाधिकाऱ्याने रिमांड दिला, तर मूळचा दोष धुऊन निघतो काय? प्रश्न वकिली कीस काढण्याचा वाटतो. वस्तुतः तो नागरिकाच्या स्वातंत्र्याचा आहे. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर मधू लिमये यांच्या खटल्यातून मिळाले.

१ मे १९२२ रोजी पुण्यात जन्मलेले लिमये फर्ग्युसन महाविद्यालयातून चळवळीत आले. युद्धविरोधी भाषणाबद्दल १९४० साली त्यांना तुरुंगवास घडला. बेचाळीसच्या आंदोलनात ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून १९४५ पर्यंत पुन्हा बंदिवासात राहिले. १९५५ साली गोव्यात सत्याग्रह केल्याबद्दल पोर्तुगीज लष्करी न्यायालयाने त्यांना बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ मध्ये ते सुटले. परकीय सत्तेकडून न्यायाची अपेक्षा नव्हतीच. खरी कसोटी लागायची होती ती स्वराज्यात.

६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारमधील लखीसराय स्थानकाजवळ लोकसभेचे सदस्य असलेल्या लिमये यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. अटकेची कारणे सांगण्यात आली नाहीत. कलमे जामीनयोग्य आहेत, एवढेच कळविण्यात आले. लिमये यांनी त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले आणि तेच अर्ज म्हणून स्वीकारले गेले. रिमांड मिळाला असल्याने स्थानबद्धता वैध ठरते, हा सरकारचा बचाव न्यायालयाने मानला नाही. कारणे न सांगणे हा घटनेच्या २२ व्या कलमाचा भंग होता, आणि विचार न करता, ठरीव पद्धतीने दिलेला रिमांड तो दोष दूर करू शकत नव्हता. न्यायदंडाधिकाऱ्याने सर्व बाबी तपासून हुकूम दिला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर होती. ते सिद्ध झाले नाही. बंदी मुक्त झाले.

याचा अर्थ न्यायालयाच्या प्रत्येक चुकीने तुरुंगाचे दार उघडते, असा नव्हे. नंतरचा हुकूम विचारपूर्वक आणि कायदेशीर असेल, तर आधीचा दोष पुष्कळदा निष्प्रभ ठरतो. मात्र त्या हुकमामागे विवेक हवा, नुसती सही नव्हे.

आणीबाणीत लिमये १९७५ ते १९७७ मध्य प्रदेशातील तुरुंगांत होते. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना हेबियस कॉर्पसचा दरवाजाच बंद केला. तो निर्णय २०१७ मध्ये रद्दबातल ठरला. ८ जानेवारी १९९५ रोजी निधन पावलेल्या लिमये यांना हे पाहावयास मिळाले नाही.

लिमये खासदार होते, त्यांना कायदा ठाऊक होता. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. त्यांपैकी बहुतेकांना सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिणे कसे सुचावे? त्यांच्यासाठी विचारपूर्वक दिलेला रिमांड हेच एकमेव संरक्षण असते. न्यायासनावरील घाईची किंमत जो मोजतो, त्याचे नाव कोणत्याही निकालपत्रावर येत नाही.