हजरत हातिब (रजि.): भीतीपोटी लिहिलेलं एक खत

सहाबांच्या जीवनावर आपल्याकडे जलसे होतात, बयान होतात. पण हजरत हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) यांचं नाव त्यात फार कमी वेळा निघतं. निघालंच तर एका खतापुरतं. ते खत मोठी चूक होतं, यात वाद नाही. मात्र त्यांचं आयुष्य त्याच्या आधीही होतं आणि नंतरही बावीस वर्षं होतं.

ते मूळचे यमनी वंशाच्या लख्म कबिल्याचे. मक्केत बनू असद घराण्याचे, म्हणजे हजरत जुबैर (रजि.) यांच्या घराण्याचे, हलीफ म्हणून राहायचे. हलीफ म्हणजे करार करून आश्रयाला आलेला माणूस. ते कुरैशांमध्ये राहत होते, पण कुरैश नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

इस्लाम स्वीकारून ते मदीनेला हिजरत करून आले. हिजरी 2 मध्ये बद्रच्या लढाईत जे तीनशेवर लोक उभे राहिले, त्यांत हातिब (रजि.) होते. हिजरी 6 मध्ये हुदैबियालाही होते. त्यानंतर पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना मिसरचा शासक मुकौकिस याच्याकडे पत्र देऊन पाठवलं. परक्या दरबारात एकट्यानं उभं राहून बोलायचं काम भित्र्या माणसाला कोणी देत नाही. मुकौकिसनं त्यांना उलटसुलट प्रश्न विचारले, तेव्हा हजरत ईसा (अ.) यांचा दाखला देऊन त्यांनी त्याला निरुत्तर केलं, असं सीरतच्या किताबांत आहे. परतताना त्यांच्यासोबत हजरत मारिया (रजि.) मदीनेला आल्या.

हिजरी 8 उजाडलं. कुरैशांनी हुदैबियाचा तह मोडला होता. पैगंबर (स.) मक्केकडे निघण्याची तयारी करत होते आणि ती गुप्त ठेवली होती. मक्केत रक्त सांडू नये, हा त्यामागचा हेतू. नेमकं तेव्हा हातिब (रजि.) यांनी कुरैशांच्या सरदारांना तयारीची खबर देणारं खत लिहिलं आणि एका बाईच्या हाती दिलं.

का लिहिलं? त्यांची मुलंबाळं मक्केत अडकलेली होती. बाकी मुहाजिरांचे भाऊबंद तिथे होते, वेळ आली तर ते त्यांच्या घरच्यांच्या आडवे उभे राहिले असते. हातिब (रजि.) यांचं तिथे कोणीच नव्हतं. आपल्या वाशिम जिल्ह्यातून, मंगरूळपीर-रिसोडकडून, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. गावात भाऊबंद असतील तर रात्री झोप लागते. घरचे दुसऱ्याच्या भरवशावर असतील तर प्रत्येक फोनला छातीत धस्स होतं. इथे तर लढाई होणार होती. कुरैशांवर एक उपकार करून ठेवू, म्हणजे ते मुलांना हात लावणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता.

वहीद्वारे पैगंबर (स.) यांना हे कळलं. त्यांनी हजरत अली, हजरत जुबैर आणि हजरत मिकदाद (रजि.) यांना पाठवलं. म्हणजे हातिब (रजि.) ज्यांच्या आश्रयाचे, ते जुबैर (रजि.) सुद्धा त्या खताच्या मागावर होते! रौजा खाख इथे ती बाई सापडली. आधी तिनं कानावर हात ठेवले, मग दटावल्यावर वेणीतून खत काढून दिलं.

हातिब (रजि.) यांना बोलावण्यात आलं. पैगंबर (स.) यांनी आधी कारण विचारलं. हातिब (रजि.) यांनी काही लपवलं नाही. घाई करू नका अशी विनंती केली, मुलाबाळांची गोष्ट सांगितली आणि हे आपण ईमान सोडून केलेलं नाही, असं स्पष्ट केलं. ते खरं बोलत आहेत, हे पैगंबर (स.) यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. हजरत उमर (रजि.) मात्र संतापले होते. त्यांनी मान उडवायची परवानगी मागितली.

वर्गात हा प्रसंग सांगितला की मुलं हमखास उमर (रजि.) यांच्या बाजूने होतात. मोठ्यांचंही वेगळं नाही, कोणाची एक चूक मोबाईलवर फिरली की अर्ध्या तासात मोहल्ला त्याला मुनाफिक ठरवून मोकळा होतो, कारण विचारायला कोणी जात नाही. पैगंबर (स.) यांनी उमर (रजि.) यांना आठवण करून दिली की हा माणूस बद्रला होता, आणि बद्रवाल्यांवर अल्लाहने नजर टाकून त्यांना माफ केलेलं असेल. हे ऐकून उमर (रजि.) यांचे डोळे भरून आले.

म्हणजे चूक किरकोळ ठरली असं नाही. याच प्रसंगी सूरह मुम्तहिनाच्या सुरुवातीच्या आयती उतरल्या. असं करणारा सरळ वाटेवरून भरकटला आणि कयामतच्या दिवशी नातलग, मुलंबाळं कामी येणार नाहीत, असं त्यांत बजावलं आहे. पण सुरुवातीची हाक ईमानवाल्यांना आहे! ताकीद दिली, ती आपलं म्हणून. (हीच सूरह पुढे आठव्या आयतीत, जे आपल्याशी धर्मासाठी लढत नाहीत, घरातून हाकलत नाहीत, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागायला सांगते. अर्धी सूरह वाचून थांबणाऱ्यांनी तिथपर्यंत जावं.)

त्याच रमजानमध्ये, इ.स. 630 च्या जानेवारीत, मक्का जवळपास रक्तपाताशिवाय जिंकली गेली. ज्या शहरात मुलांचं काय होईल म्हणून हातिब (रजि.) कासावीस होते, तिथे आम माफी जाहीर झाली.

माफी मिळाल्यावर माणूस फरिश्ता होत नाही. हातिब (रजि.) स्वभावाने कडक होते. त्यांच्या एका गुलामानं पैगंबर (स.) यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं आणि हा जहन्नममध्येच जाणार असं म्हटलं. पैगंबर (स.) यांनी ते खोटं ठरवलं, कारण हातिब बद्र आणि हुदैबियाला हजर होते. पुढे उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत त्यांच्या गुलामांनी एकाची उंटीण चोरून कापली. ते उपाशी ठेवले जात होते, हे लक्षात येताच उमर (रजि.) यांनी गुलामांची शिक्षा थांबवली आणि भुर्दंड मालकावर टाकला. उंटीण 400 दिरहमची होती, हातिब (रजि.) यांना 800 भरावे लागले.

मदीनेच्या बाजारात ते मनुके विकायचे. भाव फार उतरवला म्हणून उमर (रजि.) यांनी एकदा त्यांना तिथेही टोकलं होतं. हिजरी 30 मध्ये, वयाच्या 65 व्या वर्षी, मदीनेतच त्यांचा इंतकाल झाला. जनाज्याची नमाज खलीफा हजरत उस्मान (रजि.) यांनी पढवली.