अँटवर्पला धावलेला बेळगावकर

पाम बीच रोडवर सकाळी धावायला जाता? मग हा हिशोब करून बघा. वाशी ते बेलापूर हा रस्ता साधारण दहा किलोमीटर. तो न थांबता चार वेळा पळायचा, वर आणखी पावणेतीन किलोमीटर. आणि प्रत्येक किलोमीटरला वेळ फक्त चार मिनिटं. आपल्यातले बहुतेक जण पहिल्याच फेरीत गार होतील (माझी तर खात्रीच आहे). बेळगावच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी हे १९२० मध्ये करून दाखवलं, तेही ऑलिम्पिकमध्ये.

चौगुलेंचा जन्म १९०२ चा. म्हणजे तेव्हा ते जेमतेम तुमच्या एफवाय-एसवायच्या वयाचे! त्याआधीच्या वर्षी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती बघायला दोराबजी टाटा आले होते. पळणारे बरेचसे शेतकरी, पायात काही नाही, कोच वगैरे तर लांबच. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या खेळाडूंच्या जवळ जाणाऱ्या होत्या. यांना ऑलिम्पिकला पाठवायचंच, असं दोराबजींनी ठरवलं आणि स्वतःच्या खिशात हात घातला. गंमत म्हणजे, तिथे शंभर मीटरसाठी किती वेळ लागतो हेसुद्धा जिमखान्याच्या मंडळींना माहीत नव्हतं. चार धावपटू आणि दोन पैलवान निवडले गेले, बोटीने युरोपात पोहोचले.

२२ ऑगस्टला अँटवर्पमध्ये मॅरेथॉन झाली. अंतर नेहमीपेक्षा जास्त, ४२.७५ किलोमीटर. फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिला आला. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे. ऑलिम्पिक मॅरेथॉन पूर्ण केलेले पहिले भारतीय!

मेडल नाही, त्यामुळे क्विझमध्ये त्यांचं नाव क्वचितच येतं. खरं तर लोकप्रिय व्हायला काय लागतं, हे त्याच स्पर्धेतल्या चालण्याच्या शर्यतीत दिसलं. इटलीचा ऊगो फ्रिजेरिओ, वय अठरा. शर्यतीआधी त्याने मैदानातल्या बँडवाल्यांच्या हातात आपल्या आवडीच्या गाण्यांचे कागद ठेवले, त्यांच्या तालावर चालला आणि दोन सुवर्णपदकं नेली. प्रेक्षक खूश. चौगुलेंसाठी बँड नव्हता. रस्त्यावरचे सगळे तास त्यांचे त्यांनीच काढले.

मला विचाराल तर एकोणिसावा नंबर अजिबात लहान नाही. आजही हौशी धावपटू तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवण्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळतात. त्यांच्याकडे जीपीएसचं घड्याळ असतं, जेल असतं, महागडे शूज असतात. आणि चौगुलेंचं अंतर त्यांच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच होतं.

त्या सहा जणांच्या प्रवासातून पुढे बरंच घडलं. १९२७ मध्ये इंडियन ऑलिम्पिक असोसिएशन स्थापन झाली, दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष.

चौगुले १९५२ मध्ये गेले. त्याच वर्षी हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकलं. तिथल्या स्टेडियमच्या मनोऱ्यावर ऑलिम्पिक ज्योत पेटवायला एक म्हातारा धावपटू उभा होता. अँटवर्पला चौगुलेंच्या अठरा मिनिटं पुढे पोहोचलेला कोलेमाइनेन.