तंजावूरचे सरफोजी राजे : रुग्णनोंदींचा वारसा

तामिळनाडूतील तंजावूर राजवाडा परिसरात असलेले सरस्वती महाल ग्रंथालय दुर्मिळ हस्तलिखितांसाठी जगभर ओळखले जाते. याच संग्रहात नेत्ररुग्णांच्या सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या नोंदी जतन करण्यात आल्या आहेत. वैद्यकीय संशोधनाची ही दृष्टी दाखविणारे राजे म्हणजे तंजावूरच्या भोसले घराण्यातील सरफोजी राजे दुसरे.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला. तंजावूरचे राजे तुळजाजी यांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. त्याच वर्षी तुळजाजींचे निधन झाले. दत्तकविधान अवैध ठरवून तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादीवर बसविण्यात आले. या काळात जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांनी बाल सरफोजींचे पालकत्व सांभाळले आणि पुढे त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था मद्रासमध्ये झाली. मराठी, तमिळ व संस्कृतसोबत त्यांनी युरोपीय भाषा आणि विज्ञानाचाही अभ्यास केला.

अखेर त्यांचा दावा मान्य होऊन १७९८ मध्ये ते राजे झाले. मात्र दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहान्वये राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावूरचा किल्ला, वार्षिक तनखा व महसुलाचा काही हिस्सा एवढेच उरले. सत्ता गमावलेल्या या राजाने आपले उर्वरित आयुष्य आणि संपत्ती विद्येच्या कामी लावली.

राजांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात औषधे तयार केली जात आणि रुग्णांवर उपचार होत. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य या पद्धतींचे जाणकार तेथे एकत्र काम करीत. उपचारांतून अनुभवसिद्ध ठरलेली औषधे वेगळी काढून त्यांची माहिती तमिळ पद्यात संकलित करण्यात आली. हे ग्रंथ शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ओळखले जातात. त्यांत नेत्ररोगांवरील स्वतंत्र ग्रंथाचाही समावेश आहे.

नेत्रचिकित्सेत राजांना विशेष रस होता. इंग्रज डॉक्टरांच्या साहाय्याने येथे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या. रुग्णाची तक्रार, डोळ्यांची अवस्था, केलेले उपचार आणि त्यांचा परिणाम यांची नोंद ठेवण्यात आली. काही नोंदींसोबत रुग्णाच्या डोळ्यांची रंगीत चित्रेही आहेत. अलीकडच्या काळात नेत्रतज्ज्ञांनी या कागदपत्रांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व पुढे आणले आहे.

आज वैद्यकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध सादर करावा लागतो. रुग्णाची निवड, संमती, तुलनेसाठी वेगळा गट आणि निष्कर्षांची पडताळणी हे त्याच्या प्रशिक्षणाचे भाग आहेत. सरफोजींच्या काळी असे नियम अस्तित्वात नव्हते, त्यामुळे धन्वंतरी महालातील कार्याला आजच्या अर्थाने चिकित्सालयीन संशोधन म्हणता येणार नाही. परंतु उपचाराचा परिणाम स्मरणावर न सोपविता कागदावर उतरविणे, ही या संशोधनाची पहिली पायरी तेथे निश्चितपणे आढळते.

राजांचे कार्य वैद्यकापुरते मर्यादित नव्हते. त्यांनी तंजावूरमध्ये देवनागरी मुद्रणालय सुरू केले. तेथे १८०६ मध्ये इसापनीतीचा मराठी अनुवाद बालबोध मुक्तावली या नावाने छापण्यात आला. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत.

सरफोजी राजांचे निधन ७ मार्च १८३२ रोजी झाले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या १८५५ मधील मृत्यूनंतर तंजावूरची गादी कंपनीने खालसा केली. राजाश्रय संपला आणि धन्वंतरी महालाची परंपरा पुढे चालविणारी संस्था उभी राहिली नाही. एका व्यक्तीच्या आस्थेवर उभारलेल्या कार्याची ही मर्यादा होती. ग्रंथसंग्रह मात्र टिकला आणि १९१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. त्यामुळेच त्या रुग्णांच्या नोंदी आजच्या अभ्यासकांना वाचता येतात.