मॉर्फीनचे शोधक फ्रीडरिख झेर्ट्युर्नर

आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. अशा मोठ्या रुग्णालयात आप्ताच्या खाटेपाशी बसण्याचा प्रसंग पुष्कळ कुटुंबांवर येतो. शस्त्रक्रिया पार पडते, वेदना शमविणारी सुई दिली जाते, आणि घटकाभराने रोग्यास मळमळू लागते. घरची माणसे घाबरून जातात. औषधाचा हा दुहेरी गुण ज्यांनी स्वतःच्या देहावर अनुभवून लिहून ठेवला, त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

फ्रीडरिख झेर्ट्युर्नर यांचा जन्म १९ जून १७८३ रोजी जर्मनीतील पाडरबॉर्न शहरानजीक नॉयहाउस या गावी झाला. १७९८ साली वडील वारले, आणि पुढे लवकरच हा मुलगा पाडरबॉर्न येथील एका औषधालयात उमेदवारी करू लागला. विद्यापीठाची पायरी त्याने चढली नव्हती. परंतु निरीक्षणाची चिकाटी त्याच्या ठायी विपुल होती.

खसखशीच्या बोंडांचा चीक म्हणजे अफू. आपल्या देशातही पूर्वी रडणाऱ्या तान्ह्यास आया अफूचा कण चाटवीत, व त्यापायी कित्येक बालके दगावत. अडचण अशी की, एका अफूत जोर अधिक तर दुसरीत कमी. तेवढ्याच वजनाने कधी गुण येत नसे, तर कधी रोगी प्राणास मुकत असे. तेव्हा तिचे खरे सत्त्व वेगळे काढावे, असे झेर्ट्युर्नर यांनी मनात घेतले. अफूच्या अर्कात त्यांनी अमोनिया घातला असता स्फटिक खाली बसले. हा शोध त्यांनी विशीच्या उंबरठ्यावर लावून १८०५-०६ च्या सुमारास प्रसिद्ध केला. परंतु एका उमेदवाराच्या लेखाकडे विद्वानांनी लक्ष दिले नाही.

ते खचले नाहीत. १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी एक धाडसी प्रयोग सांगितला आहे. त्यांनी स्वतः व सतरा वर्षांखालील तिघा मुलांनी अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे तीस मिलिग्रॅम सत्त्व घेतले; आणि तेवढेच तासाभराच्या आत आणखी दोनदा घेतले. तोंडे लाल झाली, मळमळ सुटली, पोटात कळा आल्या, गुंगी दाटली. धोका ओळखून झेर्ट्युर्नर यांनी सर्वांस कडक शिरका पाजला व ओकारी करविली. सर्व वाचले, ही देवाची कृपा. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि मुलांना त्यात ओढणे उचितही नव्हते.

या निबंधाने मात्र युरोपचे डोळे उघडले. स्वप्नांच्या ग्रीक देवतेवरून त्यांनी दिलेले नाव पुढे मॉर्फीन म्हणून रूढ झाले. १८३१ साली फ्रान्सच्या विद्वत्सभेने त्यांस पारितोषिक दिले. २० फेब्रुवारी १८४१ रोजी हामेल्न येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या प्रयोगातील मळमळीचे कारण आज कळले आहे. मॉर्फीन वेदनेचा निरोप मंदावते. परंतु मेंदूच्या बुंध्याशी ओकारीस प्रेरणा देणारे जे स्थान आहे, त्यास तेच चेतविते. ओकारीने ताज्या टाक्यांवर ताण पडतो, आणि गुंगीत असलेल्या रोग्याच्या श्वासनलिकेत अन्न जाण्याचे भय असते. म्हणून ज्यांस धोका अधिक, त्यांस भूलतज्ज्ञ ऑनडॅन्सेट्रॉनसारखे ओकारी रोखणारे औषधही देतात. ज्यास प्रवासात गाडी लागते, किंवा पूर्वी भुलीनंतर ओकाऱ्या झाल्या होत्या, त्याच्या पालकांनी हे डॉक्टरांस शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे. तथापि मॉर्फीनने श्वास मंदावण्याचे जे भय, ते या दुसऱ्या औषधाने टळत नाही. त्यासाठी परिचारिकेची जागती नजरच हवी. घरी तर ही औषधे कोणीही आपल्या मनाने घेऊ नयेत.

चांगल्या शोमरोन्याने वाटेवरील घायाळाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ही दोन्ही ओतली, आणि तेवढ्याने न थांबता रात्रभर त्याची काळजी वाहिली. औषध शोधणे थोर खरेच. पण रोग्यापाशी जागे राहणे हेही तितकेच थोर आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.