उशाशी जागलेल्या शारदादेवी

रामकृष्ण परमहंसांच्या अखेरच्या आजाराची हकीकत सांगताना डॉक्टर महेंद्रलाल सरकार येतात, नरेंद्र आणि त्याचे तरुण गुरुबंधू येतात. पथ्याची वाटी रोज कोण तयार करत होते, ती व्यक्ती किती तास झोपत होती, याकडे मात्र कथा सांगणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नाही.

शारदादेवींचा जन्म २२ डिसेंबर १८५३ रोजी बंगालमधील जयरामवाटी या खेड्यात झाला. पाचव्या वर्षी लग्न झाले आणि १८७२मध्ये त्या दक्षिणेश्वरी पतीजवळ आल्या. तेथे नौबतखान्याच्या तळमजल्यावरील जेमतेम ५० चौरस फुटांची खोली त्यांच्या वाट्याला आली. स्वयंपाक, सामान आणि झोप सारे तेथेच. चालण्याफिरण्याला जागा नसल्याने त्यांना संधिवात जडला, तो कायमचाच.

१८८५मध्ये रामकृष्णांच्या घशाचे दुखणे बळावले आणि ते कर्करोगाचे ठरले. उपचारांसाठी त्यांना कलकत्त्यातील श्यामपुकुर येथील भाड्याच्या घरी हलवण्यात आले. त्या घरात बायकांसाठी वेगळी जागा नव्हती आणि न्हाणीघर सर्वांना मिळून एकच. एकतीस वर्षांच्या शारदादेवी पथ्याचे रांधण्यासाठी तेथे राहायला आल्या. पहाटे तीनच्या आत उठून, कुणी जागे होण्यापूर्वी स्नान उरकून त्या गच्चीच्या दाराशी असलेल्या, सुमारे चार हात लांब-रुंद आडोशाला जात. दिवसभर तेथेच स्वयंपाक. रात्री अकरा वाजून गेल्यावर, सारे निजले की त्या खाली झोपायला येत. त्या घरात नित्य येणाऱ्या अनेकांना त्या तेथे राहतात याचा पत्ताही नव्हता! त्यांच्या सोशिकतेचे गोडवे पुष्कळ गायले गेले आहेत. पण एवढ्या माणसांच्या राबत्यात त्यांना थोडी अधिक जागा मिळायला हवी होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

११ डिसेंबर १८८५ रोजी मुक्काम काशीपूरच्या बागेतील घरात हलला. भाडे महिना ८० रुपये. ते सुरेंद्रनाथ मित्रांनी उचलले. रुग्ण वरच्या मजल्यावर, शारदादेवी आणि स्वयंपाक खाली. पुतणी लक्ष्मी सोबतीला असल्याने एकटेपण थोडे सरले. घास गिळवेना म्हणून पातळ पदार्थ करावे लागत. एकदा तळ्यातील गोगलगायींचे कालवण करण्यास सांगितले गेले. जिवंत प्राणी मारण्यास त्यांचे मन धजेना. अखेर रामकृष्णांच्या सांगण्यावरून त्यांनी तेही आपल्या हातांनी केले.

एके दिवशी अडीच शेर दुधाचे भांडे घेऊन जिना चढताना त्या घेरी येऊन पडल्या. दूध सांडले, घोटा निखळला. तीन दिवस त्यांना वर जाता आले नाही. तिला टोपलीत घालून डोक्यावरून वर आणता येईल का, अशी थट्टा रामकृष्णांनी केली. नंतर, सारे उपाय थकल्यावर, त्या तारकेश्वराच्या शिवमंदिरात धरणे धरून बसल्या. दोन दिवस अन्न नाही, पाणी नाही. दुसऱ्या रात्री भांडी फुटावीत तसा आवाज कानी आला आणि कोण कुणाचे, असा विचार मनात येऊन सारी आसक्ती गळून पडली, असे त्यांनीच पुढे सांगितले. अंधारात चाचपडत त्यांनी देवळामागचे पाणी शोधून तोंड ओले केले आणि त्या काशीपूरला परतल्या. तेथे पुन्हा तोच जिना आणि तीच पथ्याची वाटी.

१६ ऑगस्ट १८८६ रोजी रामकृष्ण गेले. शुश्रूषा संपली, की ती करणाऱ्याचे काय होते? तीर्थयात्रेनंतर शारदादेवी कामारपुकुरला सासरच्या घरी राहिल्या. देवस्थानाकडून मिळणारे महिना सात रुपये बंद झाले होते. कुणापुढे हात पसरायचा नाही, हे पतीचे सांगणे त्यांनी पाळले. स्वतः माती खणून भाजी लावली. भात आणि पालेभाजी उकडून खाल्ली. कधी मीठही नसे. ज्यांच्या पंगतीसाठी त्यांनी रात्रंदिवस रांधले होते, त्या भक्तांना ही दशा कित्येक महिने कळली नाही. कळल्यावर मात्र त्यांना कलकत्त्यास नेण्यात आले.

पुढे त्याच भक्तांच्या त्या माता झाल्या. १८९२मध्ये बेळगाव आणि मडगावला येऊन गेलेल्या विवेकानंदांनी अमेरिकेस निघण्यापूर्वी त्यांचाच आशीर्वाद मागवला होता. १९०९पासून बागबाजारच्या घरात त्यांना स्वतःची खोली मिळाली. त्याच घरी २० जुलै १९२० रोजी त्यांनी देह ठेवला. शेवटच्या दुखण्यात त्यांच्या उशाशी सरलादेवी होत्या. शुश्रूषेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या.