सरखेल कान्होजी आंग्रे आणि समुद्रावरचा परवाना

सुरतेला माझे मामा राहतात. गेल्या मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी मला तापीकाठचा जुना किल्ला दाखविला आणि तेथून मुघलसराईत नेले. १६४४ साली बांधलेल्या या सराईत मक्केला निघालेले यात्रेकरू उतरत. आज तेथे महानगरपालिकेची कचेरी आहे. एवढी माणसे समुद्रापार जात, तर त्यांना पासपोर्ट आणि व्हिसा कोण देत असे, असे मामांनी सहज विचारले. मला उत्तर आले नाही. वाणिज्य शाखेच्या मुलाला एवढे तरी यावे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. परत आल्यावर वाचनालयात शोधू लागलो आणि सुरतेहून निघालेला शोध अलिबागला, सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यापाशी जाऊन थांबला.

त्या काळी समुद्रावर परवाना माणसाला नव्हे, जहाजाला लागे. पोर्तुगीज त्याला कार्ताझ म्हणत. तो घेतल्यावाचून अरबी समुद्रात जहाज हाकारले तर ते जप्त होई. पण परवाना घेऊनही भरवसा नसे. जहांगीर बादशहाच्या आईच्या रहिमी या जहाजाजवळ कार्ताझ होता, तरी १६१३ साली पोर्तुगीजांनी ते सुरतेजवळ पकडले. १६९५ साली औरंगजेबाचे गंज-ई-सवाई हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले आणि त्यापायी सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत पडले. सुरतेच्या जहाजांना संरक्षण द्यावे म्हणून बादशहाने जंजिऱ्याच्या सिद्दीला चाकरीत घेतले होते. त्याचा खर्च सुरतेच्या वसुलातून निघे. म्हणजे व्यापार सुरतेचा आणि पहारेकरी जंजिऱ्याचा!

या सिद्दीशी झुंजतच कान्होजी मोठे झाले. त्यांचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे झाले. कान्होजींचे तरुणपण सुवर्णदुर्गावर गेले. राजाराम महाराजांच्या काळात, १६९८ च्या सुमारास, त्यांच्याकडे आरमाराची मुखत्यारी आली. कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग ही त्यांची ठाणी. कोकणपट्टीवरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने आपले दस्तक घ्यावे, असा त्यांनी नियम केला. इंग्रजांनी यासाठी त्यांना चाचा म्हटले. पण परवाने इंग्रजही देत, पोर्तुगीजही देत. मग एकाचा परवाना तो कायदा आणि दुसऱ्याचा तो दरोडा, हा हिशेब कोणत्या खतावणीत बसतो?

१७१२ साली कारवारहून मुंबईला मिरी घेऊन निघालेले इंग्रजांचे एक गलबत आणि सोबत असलेली मुंबईच्या गव्हर्नरची नौका कान्होजींच्या आरमाराने पकडली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्या लढाईत मेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत गेली. तीस हजार रुपये खंडणी भरल्यावर ती सुटली. त्याच वेळी, १७१३ साली, तह झाला. इंग्रजांच्या जहाजांना कान्होजींनी अडवू नये आणि इंग्रजांनी आपले निशाण फक्त खऱ्या इंग्रजी जहाजांवर लावावे, असे ठरले. हाच त्या काळचा बिनव्हिसाचा करार. आज नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामागे १९५० चा करार आहे. त्याच करारात दोन्ही देशांनी सुरक्षेबाबत एकमेकांशी विचारविनिमय करावा असेही लिहिले आहे. सवलत आणि सुरक्षा त्याही काळी एकाच कागदावर येत.

हा तह टिकला नाही. जहाज इंग्रजी आणि माल देशी व्यापाऱ्याचा असला तर ते सवलतीत धरायचे की नाही, यावरून तंटे सुरू झाले. चार्ल्स बून गव्हर्नर झाल्यावर त्याने १७१७ साली विजयदुर्गावर आणि १७१८ साली खांदेरीवर आरमार पाठविले. दोन्ही वेळा हात हलवीत परतावे लागले. अपयशाचे खापर मुंबईतील रामा कामती या श्रीमंत सारस्वत व्यापाऱ्यावर फुटले. कान्होजींशी संधान बांधल्याच्या आरोपावरून १७२० साली त्यांना शिक्षा झाली. पुराव्यातली पत्रे बनावट होती असे पुढे दिसून आले, पण बिचारे कामती १७२८ साली तुरुंगातच वारले. व्यापाऱ्याने दोन सत्तांच्या मध्ये उभे राहणे किती महाग पडते, हे मी इतर कोणत्याही प्रकरणात इतके स्पष्ट वाचलेले नाही.

कान्होजींनी मात्र एक शहाणपण आधीच केले होते. ते प्रथम ताराबाईंच्या पक्षाचे. शाहू महाराजांनी पाठविलेला पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना त्यांनी कैदही केले होते. पुढे बाळाजी विश्वनाथांनी लोणावळ्याजवळ बोलणी करून त्यांना वळविले. गादी शाहूंची मानावी, आरमार आणि किल्ले कान्होजींकडे राहावेत आणि संकटात एकमेकांना साहाय्य करावे, असा करार झाला.

त्याची कसोटी १७२१ च्या डिसेंबरात लागली. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी लेखी युती करून चौलजवळ फौजा गोळा केल्या. कमोडोर मॅथ्यूजची चार राजनौदलाची जहाजेही आली होती. पण कुलाब्यावरचा हल्ला फसला आणि बाजीराव घोडदळ घेऊन येऊन ठेपले. पोर्तुगीजांची वसई मराठी मुलखाला लागून, तर इंग्रजांची मुंबई हे बेट. दोघांना भीती सारखी नव्हती. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून परस्पर तह केला आणि युती तेथेच मोडली. बाळाजीपंत १७२० सालीच वारले होते. त्यांचा करार त्यांच्या मुलाने पाळला.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी वारले. त्यांची समाधी अलिबागेत आहे. त्यांच्या मुलांत भाऊबंदकी माजली. १७५६ साली खुद्द नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग पाडला आणि कान्होजींनी उभे केलेले आरमार तेथे जळाले. तीनच वर्षांनी, १७५९ साली, इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला. सिद्दीला मिळणारी सुरतेच्या वसुलातली नेमणूकही त्यांच्याकडे गेली.

हे सारे मी मामांना पत्राने कळविले आहे. तापीकाठच्या त्या किल्ल्यावर ते पुन्हा एकदा जाऊन आले, असे त्यांचे उत्तर आले.